अर्धा तास आधी

गुरुवार टाळूनच बोलावलं त्यांना.
गुरुवारी नव्या पेठेत लाइट जाते,
आणि या माइकला ते सोसत नाही.

आधी केबल, मग बटण. उलटं कधीच नाही.
सात पिना, खाचेला खाच,
कडी हाताने फिरवायची, बसली असं बोटांना कळेपर्यंत.
मग पेटीवरचा लाल दिवा.
मग काही नाही.
अर्धा तास नुसतं बसायचं.
जाळीखाली करंगळीएवढी काच तापत असते,
दिसत नाही,
पण तळहात पाठीमागून धरला की माइक कोमट लागतो,
ताप उतरत आलेल्या पोराच्या कपाळासारखा.

डोक्यावर तांदळेंची गिरणी.
ज्वारी पडली की घरघर जमिनीतून चढते
आणि थेट हेडफोनमध्ये येऊन बसते.
तळघराचं भाडं कमी आहे ते त्यामुळेच.
अकरा ते एक दळण नाही, असं ठरलंय आमचं;
बदल्यात त्यांच्या भाजणीची जाहिरात
मी माझ्या आवाजात फुकट भरून दिली.

दामोदर वडके. तांबट आळी, कसबा.
पासष्ट वर्षं तांब्यावर हातोडा,
डावा कान गेलेला, उजवा जायच्या वाटेवर.
नात घेऊन आली. म्हणाली,
ठोक्यांची नावं भरून घ्या. अठरा आहेत म्हणतात.

तोंडापासून वीतभर अंतर धरलं,
मध्ये बांगडीवर ताणलेला जुना मोजा, प-फ-भ अडवायला.
पेटीवरचा खटका: फक्त समोरचं ऐकेल असा.
"बोला."
ते बोलले,
आणि सुई उजवीकडे आपटून तिथेच राहिली.
जन्मभर चाळीस हातोड्यांच्या वरून बोललेला माणूस.
त्यांच्या लेखी ही कुजबुज होती.

खुर्ची मागे. अजून मागे. माइक जरा तिरका.
"आजोबा, हळू."
"आँ?"
"हळू!"
आता माझीच सुई आपटली.

ते उठले. जाळीच्या कडेला एक पोचा आहे,
त्यावर नखाने टिचकी मारली.
कानात टिंग्‌ग्‌ग् झालं, काचेचं, लांबलचक,
मी हेडफोन ओरबाडून काढला.
"पितळ आहे. वर निकल," ते म्हणाले.
"पोचा पडला तो वेगळा. काढायला गेलं ते कोण?
आतून टेकू न देता? अगदीच शिकाऊ."
मी गप्प.
चमच्याने. दोन वर्षांपूर्वी. मीच.

मग ते बसले,
आणि माझ्याकडे नाही, नातीकडेही नाही,
त्या पोच्याकडे बघून बोलू लागले.
भट्टीवरून काढलेल्या भांड्याशी बोलतात तसं,
तोंड जवळ नेऊन, खालच्या आवाजात.
मी खुर्ची वीतभरावर आणली.
सुई मधोमध, हलकी, डुलणारी.
बसका. ओढता. काठ-दाब.
मठार: एकावर एक नाही, एकाशेजारी एक,
ओल्या अंगणात पावलं उमटतात तसा.
दोन शब्दांमधला त्यांचा श्वासही आला,
घशातली खरखर आली,
आणि उजव्या हाताचं मांडीवर पडणं,
धोतरावर, मऊ, प्रत्येक नावामागे एकदा.
एरवी मी थांबवते. कपड्याचा आवाज येतोय, म्हणते.

सतरा झाली.
अठरावं नाव येईना.
"जिभेवर आहे," म्हणाले, आणि थांबले.

शेवटी खोलीचं रिकामेपण एक मिनिट भरून घ्यायचं असतं,
तुकडे जोडताना लागतं.
नातीला खुणेने सांगितलं. त्यांना सांगायची गरज पडली नाही.
पंखा बंद, कुणी हलत नाही,
आणि चाळिसाव्या सेकंदाला
मांडीवर एक ठोका पडला.
आधीच्या सतरांतला एकही नव्हता तो.
तिरपा, शेवटी किंचित ओढलेला.
त्यांच्या तोंडून काही आलं नाही.

एक वाजता वरती ज्वारी पडली.
बटण बंद केलं. केबल लगेच काढत नाही,
काच निवू द्यावी लागते.
जिन्यावरून ते त्यांच्या नेहमीच्या आवाजात म्हणाले,
"ते डबडं घेऊन या घरी. आतून लाकूड धरायला लागतं!"
तांदळेंनी गिरणी थांबवून विचारलं, काय झालं.

फाइलला नाव दिलं:
वडके, सतरा आणि एक.