गाव कुठलं

बैराहून पहिला फोन आला तेव्हा
कुंकळ्येकर शेटनी भाव विचारला नाही.
‘गांव खंयचो?’ म्हणाले.
आग्नेल रिबेल पलीकडून म्हणाला, आजोबा कुडतरीचे,
तळ्याच्या काठचे.
मग वीस मिनिटं, परदेशी कॉलच्या दराने,
त्या तळ्यातल्या माशांविषयी बोलणं झालं.
आग्नेलनं ते तळं कधी पाहिलं नव्हतं
आणि शेटनी एकदाच, कुणाच्या तरी वऱ्हाडात.

तीन कंटेनर काजूबी ठरली.
करार नाही, बँकेची हमी नाही.
‘आपलो मनीस,’ शेट म्हणाले,
मी आगाऊ रक्कम पाठवली.

खोटं कशाला बोलू, त्या शब्दावर पुष्कळ काही तरलं.
डिचोलीच्या कारखान्याला आग लागली त्या वर्षी
सात महिने आमच्याकडून पैसे गेले नाहीत.
आग्नेलचा फोन यायचा;
तळ्याला पाणी किती, एवढंच विचारायचा.

म्हणून यंदाची पोती मुरगावहून आली
आणि मी शंभर बिया कापून मोजल्या,
सत्तावीस काळ्या, नऊ पोकळ,
तेव्हा शेट बराच वेळ कातरीकडे बघत राहिले.
‘बरी म्हणून लिही.’
बरी म्हणून लिहिलं.

म्त्वाराच्या सालुम नाम्पोटोचा नमुना कोरडा खडखडीत,
भाव टनामागे चाळीस डॉलर खाली.
त्याच्याकडून मागवले गोदामाचे फोटो, परवाना,
बँकेचं पत्र, ओळखीची दोन नावं.
सगळं आलं. नऊ दिवस पडून आहे.

ओळखीची दोन नावं.
माझ्याकडेही मागितली होती,
चंदगडहून या खुर्चीसाठी आले तेव्हा.
‘घाटावरची,’ आत कुणीतरी म्हणालं,
वाईट अर्थानं नाही, नुसतं,
पोत्यावर शाईनं लिहितात तसं.
आता तिजोरीची किल्ली माझ्याच पर्समध्ये असते.
फोनवर मीही ‘खंयचो’ विचारते,
आणि पलीकडचा क्षणभर थांबतो.

आज सगळे जेवायला गेल्यावर
सालुमला लिहायला बसले.
गाव या शब्दाला इंग्रजीत
पत्त्याच्या रकान्यापलीकडे काही सापडेना.
शेवटी विचारलं तसंच, वाकडंतिकडं:
तुमची माणसं मूळची कुठली?

सव्वातीनला उत्तर आलं.
अकरा ओळी, भाव कुठेच नाही.
एक नदी होती,
आणि एक मावशी, जी काजू
डोळे मिटून निवडायची.