ओळखीचं कुणी नसेल अशी जागा

कोर्टातून सुटलो तेव्हा दोन वाजून गेले होते.
हर्षदा म्हणाली, "भूक लागल्या."
सह्या झाल्यापासूनचं
हे तिचं पहिलं वाक्य.

पण जायचं कुठं?
मटणाच्या प्रत्येक खानावळीत
आमचा एक तरी पाव्हणा हात धूत उभा असतो
आणि ओल्या हातानंच विचारतो,
"काय, जावई दिसंनात?"
तिनंच मग गाडीतून बोट दाखवलं,
ताराबाई पार्कात, पहिला मजला,
दाराशी काचेचा हत्ती.
"थाई हाय. हितं आपलं कोण यायचं न्हाई."

खरंच कुणी नव्हतं.
थंडगार खोली, अकरा रिकामी टेबलं.
अण्णा खुर्चीच्या कडेवर टेकले,
एसटीत टेकतात तसे, स्टॉप चुकू नये म्हणून.
मेनूकार्डावरच्या फक्त किमती वाचल्या त्यांनी,
वरून खाली, पट्टीच्या हिशेबासारख्या.

पांढरं सूप आलं. वर काड्या, मुळ्या, पानं.
"ह्ये खायाचं?"
"नाही अण्णा, बाजूला काढायचं."
"मग घातलं कशाला?"
हर्षदा गवती चहाच्या काड्या काढून
बशीच्या काठावर लावत राहिली, शेजारी शेजारी,
सकाळी वकिलापुढं कागद लावत होती तशा.

मग नूडल्स.
अण्णांनी एक घास घेतला आणि थांबले.
चाळीस हंगाम काहिलीवर वाकून
बुडबुड्यांच्या आवाजावरनं पाक ओळखणारा माणूस
तोंड मिटून काहीतरी ऐकत होता.
"गूळ हाय ह्यात."
वेटर म्हणाला, थायलंडची ताडाची साखर आहे.
"करणाऱ्याला बोलीव."

आतून रेमा आला, ऐझॉलचा पोरगा,
ॲप्रनला हात पुसत, बावरलेला.
हिंदीत म्हणाला, महिना झाला, ती साखर येत नाही,
शाहूपुरीतून ढेप आणतो.
कुणाला कळत नाही.

"कळतंय की," अण्णा म्हणाले.
"वडणग्याकडचा हाय. एक उकळी जास्त झाल्या.
गुळव्याचं ध्यान नव्हतं."
आणखी एक घास.
"वाईट न्हाई. कडसर हाय. पर टिकतोय असला गूळ."

हर्षदा हसायला लागली.
तोंडावर ओढणी धरून, खांदे हलेपर्यंत,
इतका वेळ, की रेमाही हसला
आणि मला कळेना,
पाण्याचा ग्लास पुढं करावा की नको.
"मी अजून एक प्लेट खातो," ती म्हणाली
आणि खाल्ली.

बिलासोबत बडीशेप नव्हती.
रेमानं बशीत गुळाचा खडा ठेवला होता.

जिना उतरताना समोर
आत्याचा संपत, खांद्यावर एसी दुरुस्तीची पिशवी.
"हर्षे! एकटीच व्हय? दाजी कुठायत?"
मी किल्ली शोधायला लागलो. अण्णा हत्तीकडं बघायला.
"एकटी कुठं? तिघं हाय की," ती म्हणाली,
आणि अर्धा खडा मोडून
त्याच्या तळहातावर ठेवला.
"खा. थायलंडचा हाय."