गळती क्रमांक चार

सर्जेकोटच्या बर्फ-फॅक्टरीत
एकतीस वर्षं मी एका कॉम्प्रेसरशी संसार केला.
त्याचा खोकला मला कळायचा.
रात्री दोनला सूर जरा खाली उतरला
की झोपेतच पाय चपला शोधायचे.

मग ओरोसहून, उद्योग केंद्राच्या योजनेतून,
मृण्मयी मोंडकर नावाची मुलगी आली,
हेल्मेट बगलेत, पाठीला सॅक.
"ऊर्जा लेखापरीक्षण आहे, काका. निम्मी फी शासन भरतं."
वासुशेठ तारी म्हणाले,
"उरलेली निम्मी किती, ता आधी सांग."

तिच्याकडे एक कॅमेरा होता.
गरम ते तांबडं-पिवळं, गार ते निळं.
माझ्यावर रोखला तर मी अख्खा पिवळा,
चष्म्याच्या काचा तेवढ्या निळ्या.
मग तिनं भिंत दाखवली, पाइप दाखवले,
ब्राइनच्या टाकीची फळकुटं दाखवली.
जिथं तिथं निळं ओघळत होतं.
फाटक्या पिशवीतून साखर सांडत घरी आलेल्या पोरासारखे
आम्ही दोघं उभे.

अहवाल चौदा पानांचा.
मोटर तीनदा गुंडाळलेली, पाइपांवरचं आवरण कुजलेलं,
आणि पान नऊवर:
"गळती क्र. ४. मागचं दार, खालचा कोपरा.
फट सव्वा इंच. कारण अज्ञात."

त्यानंतर फाइल चालू झाली.
तीन कोटेशनं, जागेचा उतारा,
फॅक्टरीपुढे ताठ उभ्या शेठचा फोटो.
एक त्रुटी निघाली: अर्जात 'तारी', वीजबिलात 'तारे'.
त्या एका वेलांटीपायी
ओरोसच्या चार खेपा, आणि दोन उन्हं डोक्यावर.

नवं मशीन आलं ते मुकं.
जुन्याला भंगारवाल्यानं गॅसकटरनं कापलं,
मी तेव्हा टपरीवर जाऊन बसलो.
आता रात्री जागा होतो, कान देतो, काही नाही.
समुद्र ऐकू येतो.
कंपाउंडापलीकडे तो होताच,
पण एकतीस वर्षांत आमची ओळख झाली नव्हती.

पहिलं बिल आलं.
शेठनी चष्मा पुसला, पुन्हा वाचलं,
आणि वायरमनला फोन लावला,
मीटर बंद पडलाय काय म्हणून.

खोटं कशाला बोलू, काम चांगलं झालं.
लादीमागं डिझेल जळायचं ते थांबलं,
दर पावसात अमोनियानं झोंबणारे डोळे
यंदा झोंबले नाहीत.
पण पान नऊवरचं कारण मला ज्ञात होतं.

त्या सालच्या मे महिन्यात
येसू कुबल मागच्या दारी भोवळ येऊन पडली होती.
होड्या यायच्या आधी बायका तिथंच बसतात,
टोपल्या उपड्या, टाचा फुटलेल्या.
त्या रात्री मी रंधा घेऊन
दाराचा खालचा कोपरा तासला.
शेठला म्हटलं, लाकूड फुगलंय.

रबराची पट्टीही मलाच बसवायला लागली.
शेठ म्हणाले, हात अजून थिर आसा तुझो.

दुसऱ्या दिवशी येसूनं दाराला तळवे लावले,
काढले, परत लावले.
"आमचो वारो खंय गेलो रे, बाबन?"
म्हटलं, "सरकारजमा झालो."
ती हसली नाही.

पाच महिन्यांनी मृण्मयी तपासणीला आली.
अनुदानाचा दुसरा हप्ता तिच्या सहीवर अडलेला.
मागच्या दारावर कॅमेरा फिरवला: काळोखा जांभळा, सलग.
मग तो थोडा खाली गेला आणि थांबला.
पत्र्याच्या घमेल्यात फुटक्या लादीचे तुकडे,
त्यांवर गोणपाट, त्यावर चार बायकांचे आठ पाय.
तिनं माझ्याकडे बघितलं.
मी समोरच्या माडाकडे.

"गळती क्र. ४," ती पुटपुटत लिहू लागली, "बंद."

तेवढ्यात येसू म्हणाली,
"गो बाय, मी त्यात कशी दिसतंय, ता माका दाखव."
मुलगी तिच्याशेजारी उकिडवी बसली.
वर येसू तांबडीलाल, कपाळ पिवळंधमक,
आणि घोट्यांखाली निळी, अगदी निळी.

"हे माजे पाय?" येसू म्हणाली,
आणि बोटं हलवून बघितली.