बिस्मथ, एक

विश्रामबाग. आर्गॉनचा सिलिंडर मिरजेहून आला,
भरमूने जिन्यावरून चढवला
आजारी माणसाला धरून आणावं तसा.

काचेपल्याड, जाड रबरी हातांनी
मी बिस्मथला दोन इलेक्ट्रॉन परत दिले.
तीनाची सवय असलेला जड धातू
एकावर थांबला,
भोवती लिगँडची दाट झुडपं म्हणून.
रंग कृष्णाकाठच्या वांग्याचा,
उजेडात जवळजवळ काळा.

नऊ दिवस.

हळदीच्या बाजाराची धूळ खिडकीपर्यंत येते,
आत नाही, असं मी पाहुण्यांना सांगायचे.

दहाव्या सकाळी जांभळा गेलेला.
तळाशी पिवळसर पूड.
हातमोज्याला टाचणीएवढं भोक.

“मेलं व्हय, मॅडम?”
“नाही रे. स्थिर झालं.”

वहीत द्रवणांकाचा रकाना रिकामा.
भरमू नव्या हातमोज्याचा नंबर विचारत होता,
जुन्यातून मी अजून
बोटं काढली नव्हती.