पाच किरण

मटण स्ट्रीटच्या मागे, काचवालांच्या पोटमाळ्यावर
माझं काम एवढंच:
कागदाला वय विचारायचं.

सरळ कधीच सांगत नाही तो.
नायकाच्या मिशीवर जाऊ नका,
मिशा दर दहा वर्षांनी परत येतात.
नायिकेच्या अंबाड्यावर तर मुळीच नको.
तारीख असते खाली, कोपऱ्यात,
नखाएवढ्या शिक्क्यात,
जिथे तिकीट काढणारा कधी बघत नव्हता.

दीपस्तंभ चित्रसंस्थेचंच घ्या.
आधी दिव्याखाली एक होडी होती, शिडाची.
भागीदार भांडले, होडी गेली.
मग पत्त्यात मुंबईपुढे चाराचा आकडा बसला,
मग लिमिटेड आलं,
मग कंपनीच बुडाली
आणि हक्क विकत घेणाऱ्याने दिवा तसाच जळता ठेवला.
पिनकोडचे सहा आकडे दिसले
की मी भिंग खाली ठेवतो. ते कालचं पोर.

किरण नेहमी सात.
पाच फक्त एका वर्षी.
गिरगावच्या छापखान्यात शिळा हातातून सुटली,
कोपरा उडाला.
तांबट नावाच्या नव्या पोऱ्याने
दुसऱ्या दगडावर दिवा उलटा काढला, अगदी बिनचूक,
फक्त किरण मोजले नाहीत.
वर्ष सरता सरता मालकाचं लक्ष गेलं,
उरलेले दोन त्याने शिव्या देऊन वसूल केले.
काचवालांच्या थोरल्यांनी वहीत लिहून ठेवलंय: बावन्न.
तांबटाची चूक, माझं पंचांग.

परवा एक बाई जिना चढून आल्या,
मोझेल आष्टमकर, इस्राएल मोहल्ल्याच्या,
सत्तरीच्या पुढच्या, धापा टाकत.
जुन्या चादरीत गुंडाळलेला कागद.
उलगडला तर वाळलेल्या खळीचा वास,
आणि दोन रंगांत एक मुलगी, हातात कंदील,
नाव: मिस केतकी.
"कंपनीने ठेवलेलं नाव. घरी रिबेका.
सेहेचाळीस सालचा आहे.
मी जन्मले त्याच आठवड्यात ती गेली."

काचवाला मागे उभे. सेहेचाळीसचा भाव त्यांना पाठ.
मी भिंग टेकवलं.
होडी नाही. चार आहे.
एक, दोन, तीन, चार, पाच.
पुन्हा मोजले. माणूस अशा वेळी पुन्हा मोजतोच.

"हा पहिला नाही," मी म्हणालो,
"सिनेमा पुन्हा लावला तेव्हाचा. बावन्नचा.
किंमत निम्म्याहून कमी येईल."
काचवालांनी सुस्कारा सोडला.
बाई काही बोलल्याच नाहीत.
मग विचारलं, "बावन्न नक्की?"
"नक्की."
"तेव्हा मी चार वर्षांची."

खाली कुणीतरी पितळ ठोकत होतं.

"ग्रँट रोडच्या भिंतीवर मी तिला पाहिलं होतं.
ओल्या खळीवर. गालावरून पाणी ओघळत होतं.
बापाचा हात सोडून मी तिथेच उभी राहिले.
बाप म्हणाला, स्वप्न पडलं असेल.
आत्या म्हणाली, तू पोटातून आलीस तेव्हाच ती गेली,
पाहशील कुठून?
सगळं आयुष्य मी तो चेहरा
फोटोवरून उचललाय असं धरून चालले."

त्यांनी भिंग मागितलं. दिलं.
बराच वेळ आईकडे नाही,
कोपऱ्यातल्या दिव्याकडे बघत राहिल्या,
ओठ हलत होते. मोजत असाव्यात.

मागची खळ धुवून देतो म्हटलं, फुकट.
"नको. तेवढी राहू दे."

आमच्याकडे प्रत्येक कागदामागे
शिसपेन्सिलीने साल लिहायची रीत आहे
आणि सालाआधी 'अंदाजे'.
काचवालांचा नियम. उद्या कोर्टकचेरी नको.
मी फक्त बावन्न लिहिलं.
त्यांनी पाहिलं, चष्मा पुसला,
आणि खाली चहा सांगायला गेले.
तीन सांगितले. गिऱ्हाइकाने काही विकलं नाही
तर ते एरवी दोनच सांगतात.