नाव सांगा

"नाव सांगा," मी म्हणते,
आणि खिडकीजवळचे घुले आजोबा
मान न उचलता म्हणतात,
"एकनाथ भागुजी घुले. सकाळपासनं बदललं नाही."

सून डबा उघडते, मऊ भाताची वाफ
सलाईनच्या स्टँडपर्यंत चढते.
"दिवसातनं पाच वेळा काय तेच तेच!
फायलीवर आहे की ठसठशीत."

"विचारू दे गं," आजोबा म्हणतात,
"खडकीला दारूगोळ्यात तेहतीस वर्षं काढली.
शेडमध्ये शिरताना खिसे उलटे,
काडेपेटी दाराबाहेर, कंगवासुद्धा बाहेर,
सायबापासून हमालापर्यंत, रोज.
ओळखीचा आहे म्हणून कुणाला सोडलं नाही.
म्हणून तर दोन्ही हातांनी जेवतोय."

ते मंगळवारी.

गुरुवारची माझी सलग तिसरी रात्र.
बदलीची मुलगी आलीच नाही.
अठ्ठावीस खाटा, आम्ही दोघी,
आणि कौसरबी मावशी, जिचा पोछा
पहाटे तीनलासुद्धा कोपरे सोडत नाही.
खाली नरपतगीर चौकात
एखादी रिक्षा, एखादं कुत्रं.

ट्रेमध्ये सिरिंज, रक्त पातळ करायचं औषध.
चिठ्ठीवर माझंच अक्षर: घुले, अकरा.
अकरा नंबर मला पाठ आहे,
दिवा लावावा लागत नाही.
कापूस पोटावर फिरवला,
सुईचं टोपण दातांत धरलं (धरू नये, माहीत आहे),
तेवढ्यात अंधारातून,
"सिस्टर, आज नाव नाही विचारलं."

मी विचारलं.
एकनाथ भागुजी, ते म्हणाले, अगदी सावकाश,
जसं लहान पोराला दुसऱ्यांदा सांगतात.

औषध होतं एकनाथ बाबूराव घुल्यांचं.
संध्याकाळी अकराचा ऑक्सिजन पॉइंट बसला,
त्यांना सोळावर नेलं, यांना इकडे आणलं,
माणसं हलली, चिठ्ठी राहिली.
आणि या आजोबांच्या पोटात जखम,
परवाच दोन बाटल्या रक्त चढवलेलं.

मी सिरिंज ट्रेमध्ये ठेवली.
ट्रे वाजत होता. मग कळलं, हात वाजतायत.

आधी सोळाला गेले.
नाव विचारलं, मनगटावरची पट्टी वाचली,
पुन्हा वाचली.

टेबलाच्या खणात एक वही आहे,
'थोडक्यात टळलेले प्रकार', निळं कव्हर.
पाहणीला येणारे ती कोरी बघून
आमच्या वॉर्डचं कौतुक करतात.
मी ती उघडली, मिटली, पुन्हा उघडली.
काही झालंच नाही, मग लिहायचं काय?
माझं लग्न ठरलंय, नोकरी कच्ची आहे,
असलं बरंच काही त्या कोऱ्या पानावर दिसत होतं.

कौसरबी बादली टेकवून उभी राहिली.
"लिव बाई. ओल्या लादीवर पाटी मी आधी ठेवते.
कुणी पडल्यावर ठेवून काय उपेग?"

लिहिलं. वेळ तीन वाजून दहा.
'नाव विचारले नाही' असं लिहिताना
'राहून गेले' असं आधी लिहिलं होतं,
ते खोडलं.

सकाळी शितोळे मेट्रननी वही वाचली.
चष्मा काढला, पुसला, पुन्हा वाचली.
मी पायाच्या अंगठ्याकडे बघत उभी.
त्यांनी विचारलं,
"अकराचा पॉइंट किती दिवस त्रास देतोय?"
मग, "काल रात्री दोघीच होतात?"
आणि मग, "चहा घेतलास का?"

वायरमन दुपारी आला. बदलीची मुलगी अजून नाही.

रात्री मी पुन्हा अकराशी.
"नाव सांगा."
"एकनाथ भागुजी घुले," ते म्हणाले,
"टोकन नंबर चार हजार एकोणीस. आणि तुमचं हो?
इतक्या दिवसांत आम्हीही विचारलं नाही."

दिवा लावला.
"प्रमिला सायमन उजगरे," मी म्हणाले,
वडलांच्या नावासकट.

"हं," त्यांनी हात पुढे केला. "आता टोचा."