बत्तीस नोंदी

वडगावात, विणकर सोसायटीच्या मागच्या खोलीत,
सुताच्या कोनांशेजारी एक जुना विंडोजचा डबा.
त्यावर मी हातानं बसवलं सगळं:
फाइली एकेक नेऊन ठेवल्या,
डेटाबेसला नाव दिलं, पासवर्ड दिला,
तो वहीच्या पुठ्ठ्यावर लिहिला, वही लपवली,
आणि पत्ता टाकला.

पाचशे.
पांढऱ्या पानावर नुसता आकडा,
कारण नाही, सही नाही.

स्वल्पविराम तपासले. अवतरणचिन्हं तपासली.
सर्व्हर बंद केला, चालू केला,
चहा प्याले, पुन्हा बंद केला.
भरमाण्णा कांडी भरता भरता म्हणाला,
"धागा तुटला की माग थांबतोय. थांबला म्हणजे बरंच की.
न थांबता चालतोय तो माग वाईट,
पीस उतरल्यावर कळतंय."
मी ऐकलं नाही. मी लॉग वाचत होते.

लॉगमध्ये तळाला, सतराव्या वेळी तीच ओळ:
या फोल्डरात लिहायची परवानगी नाही.
ज्याच्यासाठी फोल्डर केला
त्याच खात्याला.
राइट क्लिक, सिक्युरिटी, एक रिकामा चौकोन,
त्यात एक टिचकीएवढी खूण.
पान उघडलं.

मग रात्रभर टाइप केलं:
गोमी काठ, रुईफूल, कोयरी,
कुणाच्या हाताचा, किती फण्यांचा,
कोणत्या साली कुणाच्या लग्नात गेला.
बत्तीस नोंदी. एकदाही अडलं नाही काही.

सकाळी शिवलीलानं हिशेबाची वही बाजूला सारून पाहिलं.
"अक्का, हे काय? सगळं विचारतंयच."
बत्तीस नोंदी, नुसती प्रश्नचिन्हं.
तिनं आपलं नाव कन्नडमध्ये टाकलं: सात प्रश्नचिन्हं.
मी तिचंच नाव मराठीत टाकलं.
सात.

तक्ता उघडून बघितला, अक्षरांचा रकाना बघितला.
स्वीडिश.
कुणी न विचारता, पहिल्या दिवसापासून,
आत स्वीडिश बसला होता.
या गावात दुकानाच्या पाटीवर कुठलं अक्षर केवढं
यावरून काचा फुटलेल्या आम्ही दोघींनी पाहिल्यात,
आणि हा, कोपऱ्यात, दोघींनाही न ओळखता,
शांतपणे विणत राहिला रात्रभर.
शिवलीला हसायला लागली ती थांबेना.

रकाना बदलला. नवीन अक्षरं नीट बसली,
तिची आणि माझी.
जुनी परत आली नाहीत.
प्रश्नचिन्ह झालेलं अक्षर
आपण कोण होतो ते विसरतं,
त्याला कुठलंच औषध नाही, मी शोधलं.

म्हणून पुन्हा, पहिलीपासून.
गोमी काठ. सेव्ह. रिफ्रेश. बघितलं.
रुईफूल. सेव्ह. रिफ्रेश. बघितलं.
तिसरीला लाईट गेली,
गल्लीतले सगळे माग एका दमात गप्प झाले,
आणि अंधारातून भरमाण्णा म्हणाला,
"हं. हे बरं."